मध्यंतरानंतरच्या आठ ओळी

दिनूभाऊ घाटोळे गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, आणि ती वाचून आधी दुःख झालं नाही, चीड आली. आमच्या जुन्या पुरवणीतल्या लोकांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर सकाळी फुलांची चित्रं आणि दुपारी पोटाच्या तक्रारींवरचे उपाय येतात. त्या दिवशी फुलांच्या खालीच लिहिलेलं होतं, 'निर्भीड सिनेसमीक्षक हरपला.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली. त्या रांगेतले निम्मे लोक दिनूभाऊंना त्यांच्या पाठीमागे 'अर्ध्या तिकिटाचा समीक्षक' म्हणायचे, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांचं परीक्षण कधी शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं. मी मोबाइल पालथा ठेवला, गॅसवरचं दूध उतरवलं आणि स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसले. वर्षातून चारदा भेटणारा माणूस गेल्यावर इतकं रिकामं वाटावं, याचाही मला रागच आला.

तेरवी झाल्यावर धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. शोकसभांना बोलायला जाणाऱ्यांची एक जमात आपल्याकडे आहे. गेलेल्या माणसापेक्षा आपली त्याच्याशी किती जवळीक होती हे सांगायला ते येतात. एका वक्त्याने दिनूभाऊंबरोबर पाहिलेल्या सिनेमांची यादी सांगितली. दिनूभाऊ जन्मात कुणाला शेजारी बसवून सिनेमा पाहत नसत. दुसऱ्याने त्यांची लेखणी, तिची धार वगैरे उरकलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक डाग आहे. त्या आठ ओळी. पण आज आपण मोठ्या मनाने त्यांना माफ करू या." यावर टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! मी चौथ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसले होते. त्या आठ ओळींबद्दलची एक गोष्ट त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होती. उठून सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी उठले नाही. गुडघे दुखतात, अशी स्वतःची समजूत घातली. टाळ्या थांबल्या, चहा आला, तोही घेतला. आता हे लिहिते आहे ते त्या दोन मिनिटांसाठी.

दिनूभाऊ एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि शुक्रवारी समीक्षक. मी पुरवणीत उपसंपादक होते, सिनेमाचं पान माझ्याकडे होतं. अठरा वर्षं त्यांचा मजकूर माझ्या हाताखालून गेला. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी शिळं वाढल्यासारखे भाव. प्रेमकथांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. नायक-नायिका पावसात भिजायला लागले की ते खुर्चीत पाय लांब करून डोळे मिटत. "दोघांकडंही छत्री नाही, आन् आपण त्याले प्रेम म्हणाचं," असं म्हणायचे. त्यांची परीक्षणं वाचायला मजा यायची हे मी नाकारणार नाही. पण कष्टाने केलेल्या कामावर तीन शब्दांत थुंकता येतं, याचा त्यांना जो आनंद व्हायचा तो मला कधी सोसला नाही. आणि त्याच वाक्यांवर मी ऑफिसात हसायचे, हेही खरं.

आता ती पद्धत सांगायला हवी. सिनेमा शुक्रवारी लागायचा, पुरवणी शनिवारी निघायची आणि माझं पान शुक्रवारी दुपारी तीनला छपाईकडे गेलंच पाहिजे असा दंडक होता. पहिला खेळ बाराचा. म्हणजे कुठल्याही माणसाला सिनेमा पूर्ण पाहून परीक्षण देणं शक्यच नव्हतं, आणि हे मालकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दिनूभाऊ सीताबर्डीवरच्या थिएटरात कडेची खुर्ची घ्यायचे. पडद्यावर 'मध्यंतर' आलं की उठायचे, बाहेर उभ्याने एक समोसा खायचे आणि स्कूटरने ऑफिसला यायचे. तासाभरात हाताने मजकूर लिहायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि कचेरीत हजर व्हायला पळायचे. उत्तरार्धाचं काय? निर्मात्याकडून एक पुस्तिका यायची, तिच्यात कथा असायची. त्यावरून शेवटचा परिच्छेद बेतायचा. वेळ नसला की तो परिच्छेद मी बेतायचे. वाचक समीक्षकाची सूक्ष्म दृष्टी म्हणून जे वाखाणायचे ते बरेचदा गुळगुळीत कागदावरच्या जाहिरातीतलं असायचं. आमचंच वर्तमानपत्र असं वाईट होतं असंही नाही. बाकीच्या दोन पेपरांचे समीक्षकही त्याच मध्यंतराला त्याच दारातून बाहेर पडायचे. तिघं एकमेकांना ओळख द्यायचे नाहीत.

असं वर्षानुवर्षं निभलं, कारण सिनेमेही तसेच होते. पूर्वार्ध पाहिला की उत्तरार्ध डोळे मिटून सांगता यायचा. मग प्रफुल्लचा सिनेमा आला.

प्रफुल्ल उमरेडचा. वडील हातमागावर, आई त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची. त्याने गावातलीच माणसं घेऊन, गावातच, मिळेल तेव्हा मिळेल तेवढा असं करत तीन वर्षांत एक सिनेमा काढला होता. गोष्ट साधी. शालू नावाच्या मुलीला पाहायला कळमेश्वरहून पाहुणे येतात. चहा यायच्या वेळेला लाइट जाते. मोठी माणसं कंदील शोधायला, ओट्यावर हवेला जातात आणि मुलगा-मुलगी अंधारात चाळीस मिनिटं एकटे बोलत बसतात. लाइट येते तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं. लग्न होतं, दोघं सुखात कळमेश्वरला राहायला जातात आणि पडद्यावर 'मध्यंतर' येतं. त्यानंतर सिनेमा पुन्हा त्याच संध्याकाळी जातो. तेच पाहुणे, तोच चहा, पण यावेळी लाइट जात नाही. मुलाचा मामा मुलीला चार प्रश्न विचारतो, माणसं पोहे खातात, उठून जातात, नकार कळवतात. मग दोघांची वेगवेगळी आयुष्यं. एकदा ती दोघं एसटी स्टँडवर शेजारी शेजारी उभी राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. सिनेमा असा अर्धा-अर्धा केलेला होता. पहिला भाग पाहून निघालेल्या माणसाला तो एक गोडगोड प्रेमकथा वाटणार, आणि दिनूभाऊ पहिला भाग पाहून निघाले.

त्यांनी नेहमीसारखं लिहिलं. उमरेडला गेलेली लाइट चाळीस मिनिटांत येत असेल तर दिग्दर्शकाने आधी वीजखात्याचे आभार मानावेत, असं त्यात होतं. अंधारात मुलीचा चेहरा दिसत नाही हे या प्रेमाचं खरं कारण आहे, असंही होतं. कागद टेबलावर ठेवून ते गेले. पान लावलं तेव्हा मजकूर आठ ओळी कमी पडला. पुस्तिका शोधली, तर पुस्तिकाच आलेली नव्हती. प्रफुल्लकडे ती छापायची ऐपत नव्हती. तीन वाजायला दहा मिनिटं. कचेरीत दिनूभाऊ फोनवर यायचे नाहीत. अशा वेळी जागा भरायला आमच्याकडे 'हे माहीत आहे का?' नावाच्या तयार चौकटी असायच्या. उंट पाण्याशिवाय किती दिवस राहतो, मधमाशीला किती डोळे असतात. मला ती चौकट टाकता आली असती. पण मला सुचत होतं. ज्या माणसाचा मजकूर इतकी वर्षं हाताखालून गेला, त्याच्यासारखं लिहिता येतंय याची मला त्या दुपारी गुर्मी होती... मी लिहिलं:

'मध्यंतरानंतर संसाराचे रडगाणे सुरू होते. सासूचे टोमणे, सुनेचे रुसवे, एक फुकाचा गैरसमज आणि शेवटी ठरल्याप्रमाणे गोड समेट. पुढचे आपल्याला माहीत असते, फक्त दिग्दर्शकाला ते माहीत नसते. त्याला अंधारात जे सुचले ते उजेडात टिकत नाही.'

स्तंभात बसवल्यावर बरोबर आठ ओळी. वर मथळाही मीच दिला, 'लाइट गेली, प्रेक्षकही गेला'. पान वेळेवर गेलं. सोमवारी दिनूभाऊ आले तेव्हा मी म्हटलं, "शेवटच्या आठ ओळी मी भरल्या बरं का." त्यांनी पेपर उघडून वाचलं, दोन्ही पेनं खिशात सारखी केली आणि म्हणाले, "जमलं वं तुले. माझ्यापेक्षा बरं जमलं." आम्ही दोघं हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे, आणि ते माझं आहे म्हणूनच मला त्याची किळस येते.

तासाभराने प्रफुल्ल आला. उमरेडची एसटी पकडून थेट. घामेजलेला, हातात आमची पुरवणी घडी घालून धरलेली. मला वाटलं भांडेल. तो दिनूभाऊंसमोर उभा राहिला आणि शाळेतल्यासारखं विचारलं, "सर, मध्यंतरानंतर तुम्ही होते काय थेटरात?"

"बस ना गा," दिनूभाऊ म्हणाले. "होतो ना. काहून?"

"नाही, मंग मले फक्त एकच सांगा. शेवटी लाइट जाते तेव्हा शालू काय करते?"

दिनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी प्रुफावर मान घातलेली होती, पेन्सिल चालवत होते, कागदावर काही उमटत नव्हतं. मग ते म्हणाले, "रडते."

"नाही सर," प्रफुल्ल म्हणाला. "काहीच नाही करत. नुसती बसून राह्यते." त्याने पुरवणी टेबलावर ठेवली आणि गेला. संपादकांना त्याने पत्र लिहिलं. संपादकांनी ते वाचून 'अशांचं मनावर घेऊ नका' म्हणत टोपलीत टाकलं. सिनेमा आठवडाभरात उतरला. तो आमच्यामुळेच उतरला असं मी म्हणत नाही, तेवढी आमची पोच नव्हती. पण उमरेडचे लोक नातेवाइकांना घेऊन नागपूरला यायच्या तयारीत होते, आणि शनिवारच्या पेपरात त्यांच्या पोराची खिल्ली पाहून ते आले नाहीत, एवढं मला नंतर कळलं. पुढे काही वर्षं प्रफुल्ल लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत होता.

मग मोबाइलवर सिनेमे बघायचा जमाना आला आणि कुणा शहाण्याने तो सिनेमा कुठूनसा उकरून काढून तिथे टाकला. पुढे जे झालं ते पाहताना मला माझ्या व्यवसायाची जेवढी घृणा वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. पुण्या-मुंबईच्या ज्या लोकांनी तेव्हा या सिनेमाला दोन ओळीही दिल्या नव्हत्या, ते आता त्यात नियती, योगायोग, स्त्रीच्या वाट्याचा काळोख असलं काय काय पाहू लागले. इथल्याच एका गृहस्थांनी तेव्हा 'मध्यंतरानंतर कथानक भरकटते' असं लिहिलेलं मला स्वच्छ आठवतं. त्यांनीच आता 'त्या धाडसी रचनेने मी तेव्हाच हादरलो होतो' असं छापलं. हादरला होतात तर बोलला का नाहीत? माझ्याच जुन्या पेपरने 'आपल्या मातीतला' म्हणून अख्खं पान काढलं, ज्या जागी त्याची खिल्ली छापली होती त्याच जागी. कुणीही, अगदी कुणीही, तेव्हा आपण मध्यंतराला उठून गेलो होतो असं लिहिलं नाही. मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. ठीक आहे. मधला भाग रेंगाळतो, मामाचं काम करणारा माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. पण शेवटी शालूच्या घरात लाइट जाते, ती काडेपेटीकडे हात नेते आणि मागे घेते, ते मात्र अस्सल आहे. ते मला सहन झालं नाही.

गेल्या वर्षी इथे प्रफुल्लचा सत्कार झाला. दिनूभाऊंनी फोन करून मला म्हटलं, "चाल, जाऊन येऊ." तिसऱ्या रांगेत बसलो. प्रफुल्ल आता भरला होता, दाढी ठेवली होती, बोलायला सरावला होता. त्याने खिशातून एक जुनं कात्रण काढलं आणि ते वाचून दाखवलं. त्याच आठ ओळी. सासूचे टोमणे, सुनेचे रुसवे. सिनेमा पाहिलेला सगळा हॉल पोट धरून हसला, कारण सिनेमात सासूच नव्हती. प्रफुल्ल म्हणाला, "नागपूरच्या एका थोर समीक्षकांनी हे लिहिलं. आज ते इथं असतील तर मी त्यांना उरलेला सिनेमा दाखवायला तयार आहे." लोकांनी माना वळवल्या, दिनूभाऊंना शोधून काढलं, आणि पुन्हा हसले. दिनूभाऊ ताठ बसले होते. इतके ताठ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी उठायला हवं होतं... तिथेही उठले नाही.

बाहेर आल्यावर तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी मी त्यांच्यावरच ओरडले. माझी सवय आहे ती, स्वतःची लाज वाटली की समोरच्यावर ओरडते. "तुम्ही गप्प का बसलात? त्या ओळी तुमच्या नाहीत म्हणून सांगायचं की!"

त्यांनी प्लेट पुढे केली. "खाली नाव माझं होतं ना वं."

"म्हणून काय?"

"म्हणून काय म्हंजे? वर्षभर दुसऱ्यांच्या नावानं बोंबलाचं आन् आपल्या नावाखालचं दुसऱ्याच्या गळ्यात घालाचं? खाय. थंडे होऊन राहिले पोहे."

त्या क्षणी मला हा माणूस इतका आवडला, की तितकाच त्याचा राग आला. शहाणपणा कुणी सांगितला होता? एवढा प्रामाणिकपणा होता तर मध्यंतरानंतर दीड तास खुर्चीत बसायला काय झालं होतं? हेही मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तीन वाजता पान कोण मागत होतं मले?"

लाइट गेली असती तर, आठ ओळींच्या जागी उंट टाकला असता तर, असले विचार मी करत बसत नाही. सिनेमावाल्यांना ते शोभतात, त्यांच्याकडे दोन्ही बाजू दाखवायला उत्तरार्ध असतो. पण गेले काही दिवस तो उंट डोळ्यांपुढून हलत नाही हे खरं आहे. उंट पाण्याशिवाय राहतो, प्रफुल्लच्या गावचे लोक शनिवारी ट्रॅक्स जीप भरून येतात, दिनूभाऊंचं परीक्षण कडवट पण अपुरं म्हणून सुटतं. फक्त आठ ओळी. आणि माझ्यासारखी बाई, जिला कधी कुणी लेखिका म्हटलं नाही, तिला तेवढ्यात लेखिका व्हायचं होतं.

मागच्या आठवड्यात मी दिनूभाऊंच्या घरी गेले. शोकसभेनंतर पहिल्यांदाच. लतावहिनींनी दार उघडलं, रडल्या नाहीत, मला थेट त्यांच्या खोलीत नेलं. टेबलावर दोन पेनं आणि भिंतीशी वह्यांची चळत. प्रत्येक सिनेमाला एक पान. वर सिनेमाचं नाव, खाली अंधारात लिहिल्याने तिरप्या गेलेल्या टिपा, मग मोठ्या अक्षरात 'मध्यंतर', आणि त्याखाली कोरं. वहीमागून वही, पानामागून पान, निम्मं लिहिलेलं आणि निम्मं कोरं. असा आयुष्याचा हिशेब कुणी भिंतीशी रचून ठेवतं का, मला वाटलं. वहिनी म्हणाल्या, "तुले काही पायजे असंल तर नेय. मी रद्दीत नाही देनार, पन मी तरी काय करू याचं."

मी त्या सिनेमाची वही शोधली. पान सापडलं. वीजखाते, चाळीस मिनिटे, अंधारात चेहरा... मग 'मध्यंतर'. त्याखाली कोरं नव्हतं. वेगळ्या शाईत, थरथरत्या पण सरळ ओळींत लिहिलेलं होतं. उजेडात, टेबलाशी बसून लिहिलेलं.

'उत्तरार्ध आज घरी पाहिला. पूर्ण. लांबला आहे. मामाने कॅमेऱ्याकडे बघू नये. शेवटी ती काडी ओढत नाही, ते बरोबर आहे. ते मला दिसायला हवे होते. आधी छापलेला शेवटचा परिच्छेद खोटा आहे. तो मी मागे घेतो. दि. घाटोळे.'

मी ते दोनदा वाचलं. मामाच्या ओळीवर हसूच आलं. मेल्यावरही खोड काढल्याशिवाय राहणार नाही हा माणूस. मग तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी मी काय शोधत होते ते माझ्या लक्षात आलं. मी माझं नाव शोधत होते. ही वही कुणाला दाखवायची नव्हती, कुठे छापायची नव्हती, चार भिंतींच्या आत, स्वतःशी लिहिताना तरी त्यांनी ते लिहायचं. तिथेही त्यांनी ते लिहिलं नव्हतं. 'तो मी मागे घेतो.' मी! मला त्यांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या माणसाने असं वागू नये. जिवंत माणसाला तोंड लपवायला जागा तरी ठेवावी.

त्यांच्याच दोन पेनांतलं एक घेऊन मी त्या टेबलाशी बसले. खोडायचं काही नव्हतं. त्यांच्या सहीच्या खाली मी लिहिलं, 'तो परिच्छेद आणि मथळा माझा.' आणि त्याखाली माझं नाव, पूर्ण, सुनंदा खापरे.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "काय लिहून राहिली वं त्याइच्या वहीत?"

"नाव," मी म्हटलं. "राहिलं होतं."